रिकामा खण

डॉक्टरांनी फार तर दोन महिने सांगितले, त्या दिवशी नोबुए इस्पितळातून आली आणि घरात न जाता थेट नवऱ्याच्या गाडीदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये टॅपची पेटी आवरायला बसली. तिचा नवरा उकाई दारात उभा राहून बघत होता. बोल्टच्या भोकांना आतून आटे पाडायचे सगळे टॅप तिने पुसले, मापाप्रमाणे खणांत लावले आणि प्रत्येक खणावर आपल्या बारीक, उभ्या अक्षरात माप लिहून चिकटवलं.

"माझ्यामागे तुम्हाला काही सापडणार नाही," ती म्हणाली.

सप्टेंबर संपता संपता ती गेली.

उकाईने शटर खाली ओढलं ते वर केलं नाही. बौद्ध रिवाजाप्रमाणे एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी घराण्याच्या थडग्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी लेथ मशीन भंगारात द्यायचं, असं त्याने ठरवलं. भंगारवाल्याशी बोलणंही झालं. तोवर तो दिवसातून एकदा भातावर गरम कोरा चहा ओतून गिळायचा आणि अस्थिकलशासमोर बसून राहायचा.

एकोणपन्नासाव्याला आठवडा उरला असताना वरच्या आळीतला इसोबे आपली जुनी गाडी उतारावरून ढकलत दारात घेऊन आला. हा निवृत्त बस ड्रायव्हर, लग्न न केलेला, उकाईचा शाळेपासूनचा दोस्त. गाडी पंचावन्न वर्षांची. तिच्यावर दुसऱ्या कुणाला त्याने कधी पाना लावू दिला नव्हता. इंजिनाच्या हेडचं गॅस्केट बदलताना खालच्या ब्लॉकमधल्या एका बोल्टच्या भोकाचे आटे गेले, असं त्याने सांगितलं.

उकाईने दुकान बंद झाल्याचं सांगितलं. इसोबे म्हणाला, ठीक आहे, मग गाडीही त्याच भंगारवाल्याला दे. आणि तो पायरीवर बसला.

बऱ्याच वेळाने उकाई बॅटरी घेऊन बाहेर आला. त्याने भोकात उजेड टाकला. बोल्ट जास्त आवळला की आटे उपटून येतात. हे तसे नव्हते. मूळच्या बारीक आट्यांवरून काहीतरी ढोबळ अर्ध्यापर्यंत कापत गेलं होतं.

"भलताच बोल्ट घातलास," तो म्हणाला. "चाळीस वर्षं इंजिन उघडतोयस ना रे? शिकाऊ पोराच्या बोटांनासुद्धा हे कळतं."

"वय झालं. दिवसभर एकटा असतो, लक्ष ठिकाणावर राहत नाही."

उकाईला त्याची दया आली. याची अवस्था आपल्याहून वाईट आहे, असं त्याला वाटलं. त्याने शटर वर केलं.

भोक मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्प्रिंगसारखी पोलादी गुंडाळी बसवून मूळचं माप परत आणायचं, असं ते काम. पण ड्रिल जरा तिरपं गेलं तर ब्लॉक वाया. त्याला सरळ धरायला पितळेची नळी कातून घ्यावी लागते. उकाईने लेथवरची धूळ पुसली. नळी तीनदा कातली. दोन त्याला पसंत पडल्या नाहीत.

टॅप काढताना पेटीत एक खण रिकामा दिसला. दहा मिलिमीटर, ढोबळ आट्यांचा. या कामाला तो लागणार नव्हता. नोबुएने कुठेतरी ठेवला असेल. शेवटी शेवटी तिच्या हाताला कंप होता. त्याने पेटी हळूच मिटली.

इसोबे रोज दुपारी दोन डबे घेऊन यायचा. भाजलेला बांगडा, मुळ्याचं लोणचं, भात. जास्त झालं म्हणून आणलं, म्हणायचा.

"एकट्या माणसाचं रोज जास्त कसं होतं?"

"मापच येत नाही रे मला. आटे बघितलेस ना?"

उकाई हसला. त्या घरात सप्टेंबरनंतर कुणी हसलं नव्हतं.

एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी ठेवल्या. इसोबे मागे उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी उकाईने भंगारवाल्याला फोन करून सांगितलं की हातात काम आहे, आठवडाभराने या. त्याच दिवशी त्याने आटे पाडले. थोडा पुढे, थोडा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा पुढे. गुंडाळी बसली. हेड चढवून त्याने बोल्ट क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले आणि त्याच्या रिवाजाप्रमाणे आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पांढरी रेघ ओढली. सगळ्या जोडणीला आणखी दोन दिवस लागले.

गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. उकाई एकटाच चालवून बघायला निघाला. दुकानात कुठल्याही गाडीचं काम झालं की तिच्या वहीत तारीख आणि किलोमीटर उकाई स्वतः लिहायचा.

"वही राहू दे, मी लिहीन," इसोबे खिडकीशी येऊन म्हणाला.

"तुझा काय भरवसा?" म्हणत उकाईने गाडी काढली.

नदीच्या बंधाऱ्यावर त्याने गाडी थांबवून कान लावला. इंजिन एकसारखं चालत होतं. वहीसाठी त्याने समोरचा कप्पा उघडला. वहीखाली कापडात गुंडाळलेलं काहीतरी जड लागलं. दहा मिलिमीटर, ढोबळ आट्यांचा टॅप. त्याभोवती कागद होता, बारीक, उभ्या अक्षरातला.

'अकरावा महिना: ब्लॉकचे आटे. अर्ध्यापर्यंतच, तडा जाऊ देऊ नका. बारावा: पाण्याचा पंप. पहिला: मागचा ब्रेक...' अशा बारा महिन्यांच्या बारा ओळी. खाली लिहिलं होतं, 'दुपारचं जेवण घेऊन जा, इसोबे-सान. ते आपणहून खाणार नाहीत.'

उकाईने वहीत किलोमीटर लिहिले. टॅप होता तसा कागदात गुंडाळून वहीखाली ठेवला आणि कप्पा लावला.

पहिल्या ओळीसमोर इसोबेने गोल काढला होता. अकरा बिघाड अजून व्हायचे होते.