खडपाची खूण

लवूआबा काचेच्या पेटीसमोर येऊन उभे राहिले आणि रसिका दोन पावलं मागे सरली.

पेटीत त्यांच्या वडिलांची वही होती. विद्यापीठाच्या उपकेंद्रातल्या ग्रंथालयाने जुन्या दर्यावर्दी घरांतल्या कागदपत्रांचं प्रदर्शन मांडलं होतं, आणि ते उभं करणारी ग्रंथपाल म्हणजे ही रसिका. त्यासाठी आचऱ्यापासून तारकर्लीपर्यंत वर्षभर तिने उंबरे झिजवले. पत्रं मिळाली, होकायंत्रं मिळाली, पण वही ती वहीच! पानापानावर समुद्रातल्या खडपांच्या, म्हणजे पाण्याखालच्या खडकांच्या, खुणा. देवळाचा कळस आणि मागची डोंगराची खिंड एका रेषेत आली, दुसऱ्या अंगाला माडांचं बन आणि बेटाचं टोक जुळलं, की होडीखाली नेमकं खडप आणि खडपावर तांबोशी नि गोबरे मासे. नकाशा नाही, यंत्र नाही. चौथी शिकलेल्या माणसाने नुसत्या नजरेने दर्यात पत्ते लिहून ठेवलेले. रसिकाला त्या माणसाचं वेडच लागलं होतं.

लवूआबांनी वही दिली ती एका अटीवर. पेटीत पहिलंच पान उघडं ठेवायचं, ज्यावर गणपतीचं आणि होडीचं नाव आहे. आतल्या खुणा घरच्या. मोठ्या जाळ्यांच्या बोटी असल्याच खुणा हुंगत फिरतात, आणि एकदा खडप सापडलं की एका हंगामात झाडून नेतात. रसिकाने शब्द दिला होता.

तो शब्द मोडला होता. वही स्कॅन करून ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर चढवताना ‘फक्त ग्रंथालयासाठी’ऐवजी ‘सर्वांसाठी’वर तिचंच बोट पडलं. चार दिवसांनी लक्षात आलं तेव्हा तिने पानं बंद केली, पण तोवर एकोणीस जणांनी अख्खी वही उतरवून घेतली होती. आता ती परत कशी आणायची?

न सांगून चाललं असतं. आबांकडे साधा बटणांचा फोन, त्यांना कुठून कळणार? सकाळपासून हा विचार तिच्या मनात दहादा आला आणि दहाही वेळा तिला स्वतःची लाज वाटली. त्यात आबा नवाकोरा सदरा घालून, एसटी बदलून आले होते आणि शेजारच्या अनोळखी बाईला कौतुकाने दाखवत होते, की हे अक्षर माझ्या बापाचं.

तिने त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगून टाकलं. कचेरीतल्या मराठीत, निष्काळजीपणा, दिलगिरी वगैरे. आबांना त्यातलं काही उमगेना. मग तिचा धीर सुटला.

“आबा, चूक माझी. तुमच्यो खुणो लोकांनी नेल्यानी.”

किती जणांनी, ते आबांनी दोनदा विचारून घेतलं. एकोणीस म्हटल्यावर त्यांनी बोळकं उघडलं आणि असे हसले, की दाराशी बसलेला शिपाई उठून बघायला आला.

“बापाशीन खरा कधी कागदार लिवल्यान नाय गो,” ते म्हणाले.

वही राहायची होडीत. होडीत सात-आठ खलाशी, आज आपल्याकडे तर उद्या दुसऱ्याकडे. म्हणून बाप पहिली खूण खरी लिहायचा आणि दुसरी मुद्दाम चुकवायचा. किती चुकवली नि कुठल्या अंगाला, ते फक्त तोंडी, घरातल्या घरात. वही वाचून जो जाईल त्यालाही खडपच मिळेल, पण सुरीसारखं, जाळ्याच्या चिंध्या करणारं. एकोणीस जण किनाऱ्यावर जाळी शिवत बसणार, या कल्पनेनेच आबांना गुदगुल्या होत होत्या.

रसिकाचा जीव भांड्यात पडला. पाठोपाठ तिने मनोमन हात जोडले. वर्षभर ती या माणसाच्या नजरेवर खूश होती, आणि तो मेल्यावरही सगळ्यांना पुरून उरला होता. तिलासुद्धा.

मग तिच्यातली ग्रंथपाल जागी झाली. खरी रीत आता कुणाकुणाला ठाऊक आहे, असं तिने विचारलं.

“माका.”

“आणि सर्वेशला?”

आबांचं हसू मावळलं. सर्वेश त्यांचा एकुलता एक मुलगा, तारकर्लीला पर्यटकांना पाण्याखालची दुनिया दाखवतो. त्याच्या बोटीवर यंत्र आहे. यंत्र सगळं सांगतं, मग बापाला कशाला विचारायचं? आणि त्यांच्या घराचा दंडकच असा, की खूण मागितल्याशिवाय द्यायची नाही. जो मागेल तो घरचा. आबांनी बापाकडे मागितली होती, वयाच्या बाराव्या वर्षी. सर्वेश चाळिशीला आला, त्याने अजून मागितलेली नाही. आबा वाट बघताहेत.

हे सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की ऐकायला रसिकाला पुढे वाकावं लागलं. एवढी मोठी विद्या, आणि तिला राहायला जागा उरली होती एका ऐंशी वर्षांच्या छातीत. मागायचं म्हणजे त्या घरचं व्हायचं, हे आता तिला नीट कळलं होतं. तरी तिने मागितलं.

“आबा, माका सांगशात?”

आबांनी तिला एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाले, चूक लपवली नाहीस, म्हणजे खूणही नीट राखशील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. रसिकाने सवयीने फोन काढला, आवाज टिपायचं बटण दाबलं आणि तो दोघांच्या मध्ये ठेवला.

आबांनी फोनवर पंजा ठेवला.

“ह्या नको. कान हंय कर.”