नेसरीत लपवलेला खेळाडू

सम्राटनं बुलेट अंगणात घातली तवा वीरेश माळ्यावर हुता. आवाज ओळखला आणि धाडधाड शिडी उतरला. अंगात तालमीची नवी जर्सी, पायात नवं बूट. आक्कानं आत्ताच पुसलेल्या फरशीवर, बूट!

"आलासा व्हय दादा! चला की. सही कुठं करायची?"

सम्राट गाडीवरनं उतरलाच न्हाय.

आता फुटबॉलच्या नोंदणीच्या तोंडावर चांगला खेळाडू कुठंतरी लांब नेऊन लपवायचा, ही कोल्हापुरातल्या तालमींची रीतच हाय. न्हायतर दुसरी तालीम पळवत्या. वीरेश कबनूरचा, यंत्रमागावर पाळीत काम करणारा, डाव्या पायाचा बॅक. सम्राटनंच आपल्या तालमीसाठी त्याला हेरला, सम्राटनंच आपल्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरी हितं नेसरीत आणून ठेवला, मोबाईल काढून घेतला. आणि गंमत बघा, पेठंत बोंबही सम्राटनंच मारली. म्हणं, असला बॅक घावलाय, असला बॅक घावलाय, ठेवलाय लपवून! झालं. पलीकडच्या पेठंतली मालदार तालीम स्कॉर्पिओ काढून गावोगाव ह्याला हुडकाय लागली. तेवढ्यात सम्राटनं त्यांचाच मिरजेचा स्ट्रायकर गाठला, राजवीर. ह्या हुडकाहुडकीत त्याला तिकडं कोण हुंगतसुद्धा नव्हतं. स्वस्तात सही! गुलाल काय, हलगी काय, अध्यक्ष विजयसिंहांनी तर सम्राटला उचलूनच घेतला. "आपल्याकडं पैसा न्हाय, पर डोकं हाय की!"

फक्त बाहेरगावच्या खेळाडूची जागा एकच उरलीती.

"राजवीरला घेतलाय," सम्राट हँडलकडं बघत म्हणाला. "तुझं पुढच्या वर्षी बघूया. नक्की."

वीरेश हसला. "चेष्टा नको दादा. माझा माग शेठनं दुसऱ्याला दिला. आईचा आक्काच्या फोनवर फोन आलता. म्हटलं, देऊ दे, मी आता खेळणार हाय."

सम्राटनं बुलेटचा आरसा उगाच सारखा केला.

"राजवीर तर त्यांचा की."

"हुता."

"मग मला हितं कशाला..."

पुढचं वीरेशनं विचारलंच न्हाय. सम्राटच्या कानाच्या पाळीला गुलाल लागलाता, तिकडं बघत राहिला.

मग एकदम हळू म्हणाला, "काल ती लोकं आलती."

"कोण?"

"स्कॉर्पिओवाली. फॉर्म घिऊनच आलती. आक्काला म्हणाली, पोरगं दावा, हितंच सही घेतो, ह्याच वर्षी खेळवतो. आक्का म्हणाली, हितं कोण न्हाय."

"आणि तू?"

"वर. पोत्यांच्या मागं. धुळीनं शिंक आलती दादा, तर जर्सी तोंडात कोंबली."

सम्राटनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. नोंदणी आज दुपारीच बंद झालती.

वीरेश तसाच उंबऱ्यात उभा. बुटाची नाडी सुटलीती, ती बांधायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

आतनं आक्का ओरडली, "आरं सम्राट, त्याला दारात काय उभा केलायस? आत घे आधी, कोणतरी बघील की!"