सहाचक्का

“चाकं किती?” खेमसिंगनं विचारलं.

ममताला हसू आलं. पोरीला आखातातल्या बड्या कंपनीनं विमान चालवायला बोलावलंय आणि बाप विचारतो काय, तर चाकं! पण जन्म ट्रकवर काढलेला माणूस दुसरं काय विचारणार? पांढरकवड्याजवळच्या त्या तांड्यात घरटी एक तरी ड्रायव्हर. आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख पालथा घालायचे, नातू ट्रकवर लोखंड लादून घालतात. माणसाची पत तिथं गाडीच्या चाकांवर ठरते.

“चौदा,” ती म्हणाली.

अंगणात बाजेवर बसलेल्या भावसिंगनं मांडीवर थाप मारली. शेजारचा हा म्हातारा एके काळी खेमसिंगच्या जोडीनं दहाचक्का, म्हणजे दहा चाकांचा ट्रक, चालवायचा. तो नुकताच आला होता. ममताची तीन वर्षांची गुड्डी दोन्ही हातांत लोटा धरून, निम्मं पाणी फ्रॉकवर सांडत त्याच्यापुढं उभी होती. रीतच ती. दारी पाहुणा आला की आधी पाणी, मग विचारपूस. तांड्यातल्या पोरींना हे शिकवावं लागत नाही.

“अन् दुसरी?” खेमसिंगनं विचारलं.

ममताची आधीची कंपनी बंद पडली होती आणि दोन महिने घरी बसल्यावर आता एकदम दोन नोकऱ्या चालून आल्या होत्या. दुसरी नागपूरची. कंपनी नवी, विमानं लहान, पंख्याची. सकाळी निघायचं, आसपासची चार शहरं करायची आणि दिवेलागणीला घरी. नवरा इंद्रजीत नागपुरातच सरकारी नोकरीत, म्हणजे तिघं एका छपराखाली राहिली असती. पगार मात्र बेताचा. आणि चाकं सहा.

सहा म्हटल्यावर भावसिंग फिसकन हसला. असल्या नोकरीचं नावही काढू नको, असं बजावून तो उठला आणि चौदाचक्क्याची बातमी तांडाभर करायला निघून गेला. त्याच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ.

ते हसू ममताच्या चांगलं ओळखीचं होतं. त्या तांड्यात सहाचक्का हे गाडीचं नाव नव्हतं, तिच्या बापाचं होतं. मोठ्या गाडीवरून छोट्या गाडीवर उतरलेला ड्रायव्हर एक तर डोळ्यांनी गेलेला असतो, नाही तर छातीनं, असं लाइनीवरचे, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रकवरचे, लोक मानतात. खेमसिंगचे डोळे तर घारीचे. तरी त्यानं भर उमेदीत दहाचक्का सोडला आणि जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी जवळच्या वणीला नेणारी सहा चाकांची गाडी धरली. घाट पाहून त्याची गाळण उडाली, असं ठरवून लोक मोकळे झाले. त्यानंही कधी नाही म्हटलं नाही. ममताला शाळेत पोरं ‘सहाचक्क्याची पोरगी’ म्हणून चिडवायची. असं काही चालवीन की हा शब्दच लोक विसरतील, हे तिनं तेव्हाच ठरवलं होतं. ठरवल्यासारखी ती झालीही. आता आज संध्याकाळपर्यंत आखातात होकार पाठवायचा, की झालं.

खेमसिंगनं मग एकच चौकशी केली. घरी कधी येशील? ममतानं सांगितलं, दीड-दोन महिन्यांनी. तोवर गुड्डी इथं आजीपाशी राहील, फोनवर रोज दिसेलच.

“नागपूरचं घे,” खेमसिंग म्हणाला.

ममताचं डोकं तडकलं. “मले तुमच्यासारखं खाली नाही उतराचं, बापू. घाटाले भ्याले तुम्ही. मी नाही भेत.”

चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या धनीबाईचा, ममताच्या याडीचा म्हणजे आईचा, हात थांबला. सगळा तांडा हेच म्हणायचा, पण या घरात ते कोणी बोललं नव्हतं. बोलून गेल्यावर ममतालाच कसंतरी झालं. पण ती मागं हटली नाही.

खेमसिंग रागावला नाही. “भ्यालतो, हे खरं हाय,” तो म्हणाला. “पण घाटाले नाही.”

लोटा घेऊन खेळत बसलेल्या नातीकडं त्यानं पाहिलं. “तू हिच्याएवढी होती. मी लय दिवसांनी लाइनीवरून आलतो. तू दारातच उभी. मले पाहून आत पळाली. मले वाटलं, याडीले सांगाले गेली. तू लोटा घेऊन आली. मले पाणी देलं अन् म्हनलं, बसा, बापू घरी नाही, लाइनीवर गेले.”

गुड्डीच्या हातातला कलंडलेला लोटा त्यानं सरळ केला.

“पाणी पेलो. अन् दुसऱ्या दिवशी मालकाले चाबी देऊन टाकली.”

“मंग लोकाइले काहून नाही सांगितलं?”

“काय सांगू? पोरीनं बापाले पाहुणा समजलं म्हनून? त्यापरीस भितरा बरा.”

धनीबाईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा भाकरी थापायला घेतली. ममतानं फोन काढला, आखाताला नकार कळवला आणि नागपूरला होकार. गुड्डीला कडेवर घेऊन ती तरातरा तांड्याच्या प्रमुखाच्या, नायकाच्या, घराकडं गेली. तिथं ओट्यावर माणसं जमली होती आणि भावसिंगची बातमी रंगात आली होती.

“काका, बातमी चुकली तुमची,” ममता सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. “सहाचक्का सांगा. बापूसारखाच.”