बंदुकीची पावती

स्वतःची परवान्याची बंदूक आहे, म्हणून कोलार रोडवरच्या एका सराफ शेठनी मला दुकानाच्या दारावर गार्ड म्हणून ठेवलं. मग निवडणूक लागली आणि नियमाप्रमाणे मी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतली.

आठवड्याभरात त्याच ठाण्याचे साहेब दोन रायफलवाले घेऊन दुकानांची सुरक्षा तपासायला आले. माझ्या हातातली काठी बघून भडकले. “बिना बंदूक का गार्ड? ये नहीं चलेगा, सेठजी!”

मी पावती पुढे केली. “साहब, बंदूक तो आपके ही थाने में जमा है.”

त्यांनी ती नीट वाचली, मान हलवली आणि नोटीस लिहिली : ‘दोन दिवसांत बंदूकवाला गार्ड ठेवा.’

“दिगंबरराव, माझा नाइलाज आहे हो,” शेठ मला म्हणाले.



पावतीवर आणि नोटिशीवर सही एकच होती.