दुसरा खांब

भोंगा वाजायला लागला तेव्हा यांजी शेतात बटाटे उकरत होती. तिनं कुदळ टाकली, बांधावर खेळणाऱ्या पोरीचा हात धरला आणि घराकडे धावत सुटली. सासू उंबऱ्यात बसून लोकर कातत होती. तिला कमी ऐकू यायचं.

"आमा, ऊठ! पाणी येतंय!"

"मागेही येतच होतं. दोनदा पळवलंत मला त्या चढावर. आलं का?"

यांजीनं वाद घातला नाही. पोरीला पुढं पिटाळलं, म्हातारीला पाठीवर घेतलं आणि गोम्पाची, म्हणजे वरच्या मठाची, चढण धरली. म्हातारी पाठीवरून शिव्या घालत होती. वरच्या वळणाशी पोचतात न पोचतात तोच पायांखालची जमीन हादरली. यांजीनं वळून पाहिलं. चिखल, दगड आणि मुळासकट उपटलेली झाडं दरी भरून येत होती. पूल गेला. बटाट्याचं शेत गेलं. त्यांचं घर एकदा गर्रकन फिरलं आणि दिसेनासं झालं. म्हातारीच्या शिव्या थांबल्या.

गोम्पाच्या अंगणात लामांनी माणसं मोजली. विश्वास बसेना म्हणून पुन्हा मोजली. गावातलं एकही माणूस कमी नव्हतं. मग बायकांना रडू फुटलं, आणि रडता रडताच कुणीतरी हसलं. गड्यांनी टेकनाथला खांद्यावर उचललं. काठमांडूहून तपासणीसाठी आलेला हा इंजिनिअर त्यांच्याबरोबरच धापा टाकत वर आला होता.

"सर, तुमचं लग्न झालंय म्हणून! नाहीतर आज इथंच लावलं असतं!"

वर बर्फ वितळून साचलेलं मोठं तळं होतं आणि ते कधी फुटेल याचा नेम नव्हता. म्हणून टेकनाथनं तळ्यापासून गावापर्यंत नदीकाठानं खांब रोवले होते. प्रत्येक खांब पाण्याची उंची मोजायचा आणि खालच्या खांबाला बिनतारी निरोप धाडायचा. तो त्यात आपला निरोप घालून पुढच्याला द्यायचा. असं एकाकडून दुसऱ्याकडे करत बातमी गावात यायची. पण एखादा खांब बर्फानं झाकला गेला की गप्प व्हायचा. तेवढ्यानंच भोंगा दोनदा खोटा वाजला होता. मग टेकनाथनं त्यात बदल केला. लागोपाठचे दोन खांब गप्प झाले, तरच भोंगा वाजायचा.

पहिला खांब तळ्याच्या तोंडाशी होता. दुसरा वरच्या कुरणात, यांजीच्या वडिलांच्या गोठ्यासमोर. मिंग्मार आबा तिथं एकटेच याक राखून राहायचे. तिथं फोन लागत नसे. लेक खाली राहायला बोलवायची, तर म्हणायचे, "तुझ्या घरात माणसं फार. इथं बोलायला खांब आहे मला." त्या खांबावरचं बर्फ ते रोज सकाळी आपल्या टोपीनं झाडायचे. कुणाला त्याला हात लावू देत नसत.

यांजी लोकांत मिसळली नव्हती. दरीच्या वरच्या टोकाकडे बघत उभी होती.

"अगं, काळजी कशाला करतेस?" शेजारीण म्हणाली. "आबा म्हणजे डोंगरातला बोकड. गोठ्यामागूनच कड्याची वाट आहे. बसले असतील वर, आपली याकं मोजत."

यांजीलाही तेच वाटत होतं. तरी कुणीतरी नक्की सांगायला हवं होतं. ती टेकनाथकडे गेली.

"सर, आबांच्या गोठ्याशी पाणी यायला वेळ लागला असेल ना? वर चढण्याएवढा?"

टेकनाथनं हातातलं यंत्र उघडलं. "लागला असणार, दिदी. पहिला खांब गेल्यावर पाण्याला सगळी घळ उतरून यावं लागतं. आवाज तर त्यांना कधीच..." तो थांबला. यंत्रावरचे आकडे मागे नेऊन पुन्हा बघू लागला.

"काय झालं?"

"जुळत नाहीये. दुसरा खांब गप्प झाला तेव्हा तिथं पाणी पोचलंच नव्हतं. त्याच्या शेवटच्या निरोपात नदी रोजच्याएवढीच आहे. तिसऱ्या खांबाला पाणी लागलं ते त्यानंतर कितीतरी वेळानं. दुसरा पाण्यानं पाडला असता तर भोंगा इतक्या लवकर वाजलाच नसता. आपण सगळे खालीच सापडलो असतो."

"मग तो पडला कशानं?"

टेकनाथनं यंत्र मिटलं.

"मागच्या खेपेला आबांनी मला विचारलं होतं, याकानं धडक देऊन हा खांब पाडला तर काय होईल. मी थट्टेत म्हटलं, सांभाळा हं आबा, वरचाही गप्प असला तर खाली सगळं गाव पळत सुटेल. हसले होते ते, दिदी. खूप हसले होते."

गोठ्याच्या दारातून दिसणारं सगळं यांजीला पाठ होतं. मागं कडा. पुढं उतार, आणि उताराच्या पार तळाशी, पाण्याच्या काठाला, तो खांब. लाकडं फोडायची कुऱ्हाड दारालाच टेकलेली असायची.

मागून कुणीतरी तिची बाही ओढली. सासू होती. तिला यातलं अक्षरही ऐकू आलं नव्हतं.

"काय म्हणतोय गं तो? तुझे आबा वाचले ना?"

यांजीनं तिच्या कानाशी तोंड नेलं.

"वाचले असते, आमा. ते खाली खांबाकडे धावले."