तेराव्याचे लाडू

लाडवांचा डबा उघडताच शेजारच्या टेबलावरचे मोरी सर हसले. "झाली एकदाची आठवण! कधीची आलीयस रजेवरून."

रजेवरून परतलेल्याने शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाला खाऊ द्यायचा, ही जपानच्या त्या शाळेतली रीत. ऋजुताला ती ठाऊक होती. पण सुतकात गोड वाटलं असतं, तर काकूनेच धपाटा घातला असता. आणि गेली होती ती काकूच. ऋजुताची आई लहानपणीच वारल्यावर तिला काकूनेच वाढवलं होतं.

"आई गेली तर वेगळी रजा मिळते," करार वाचून मुख्याध्यापक हळहळले होते, "काकूसाठी नाही." सरकारी योजनेतून इंग्रजी शिकवायला आलेल्या ऋजुताने मग उरलेली वार्षिक रजा टाकली. बाकी कुणाला कारण सांगितलं नाही. रजा संपली आणि तेरावं व्हायच्या आधीच तिला परतावं लागलं.

आज काकूचं तेरावं होतं. सकाळीच तिने बेसन भाजून लाडू वळले होते. प्रत्येक टेबलावर तिने एकेक ठेवला.

"मजा केलीस ना घरी?" मोरी सरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

तिथल्या रिवाजाप्रमाणे खाण्याआधी सगळ्यांनी हात जोडले, माना लववल्या. ऋजुताने मोबाइलवरचा काकूचा फोटो हळूच त्यांच्याकडे वळवला.