कळकाला फुलोरा आला ते साल

खायला उंदीर खणून काढताना शेताचा बांध फोडला म्हणून पळसदरीच्या कमळाकरशेटने कातकरवाडीच्या नागूला इतकं झोडपलं, की तो पुन्हा कधी सरळ चाललाच नाही. त्याच्या बायकोने, गौराबाईने, त्याला पाठीवर घेऊन वाडीवर आणलं.

दोन वर्षांनी, बासष्ट साली, डोंगरभर कळकाच्या बांबूला फुलोरा आला. त्याचं बी खाऊन रानातले उंदीर बेसुमार वाढले आणि बी संपल्यावर सगळे खाली भातात उतरले. कापणीला अजून महिना होता. शेट स्वतः वाडीवर आला.

"गौरा, झालं गेलं विसर. हवे तेवढे बांध खण, पण माझं भात वाचव."

"येते की, शेट," ती म्हणाली.

दिवसभर तिची जाऊ खालच्या बांधावर खणत होती आणि गौराबाई वरच्या. निघताना शेटने खुशीने दोघींना चहा पाजला.

वाटेत जावेने विचारलं, "माजी टोपली भरली, न तुजी अर्धीच कशी गं?"

गौराबाईने एकदा मागे वळून शेटचं शेत बघितलं.



"मी नर तेवढे घेतले. गाभण माद्या सगळ्या परत बिळात सोडल्या."